वैद्याची विद्या आणि घड्याळाचा काटा

एकदा पदवी हाती पडली की वैद्याची परीक्षा संपली, हा समज आता टिकणारा नाही. औषधे बदलतात, उपचारांचे दंडक बदलतात. तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या विद्येवर आज रोग्याचा जीव सोपवावा काय, हा प्रश्न समाजाने विचारलाच पाहिजे.

अमेरिकेने तो फार पूर्वी विचारला. तेथील इंटर्नल मेडिसिनच्या प्रमाणन मंडळाने 1990 पासून तहहयात प्रमाणपत्रे देणे बंद केले. हे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीचा परवाना नव्हे. परंतु अनेक रुग्णालये व विमा कंपन्या ते मागतात. साहजिकच फेरपरीक्षेतील अपयश ही केवळ मानहानी राहत नाही, ते चरितार्थावरचे संकट ठरते. डॉक्टरांचा असंतोष वाढला तेव्हा 2015 साली मंडळाने आपले चुकल्याची जाहीर कबुली दिली, आणि 2022 पासून नवा मार्ग खुला केला. दर तिमाहीस 30 प्रश्न, घरच्या संगणकावर, आणि प्रत्येक प्रश्नास चार मिनिटे! ग्रंथ चाळण्यास मुभा, मात्र दुसऱ्या माणसास विचारण्यास मनाई.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. उत्तर देताच चूक कळते आणि परीक्षाच शिक्षण होते. कालमर्यादेमागेही तर्क आहे. ग्रंथ उघडे असता वेळ अमर्याद दिला, तर ज्ञान कोणाचे, वैद्याचे की ग्रंथाचे, हे कळावे कसे? तथापि हृदय बंद पडलेल्या रोग्यापुढे क्षण मोजावे लागतात, तसे जुनाट मधुमेहाच्या रोग्यापुढे मोजावे लागत नाहीत. तेथे घाई हा गुण नसून दोष आहे. सर्व प्रश्नांस एकच काटा लावणारी परीक्षा चपळाई मोजील; विवेक मोजीलच असे नाही. रात्रपाळी करून आलेल्या डॉक्टरने तिमाहीच्या अखेरच्या दिवशी तीस प्रश्न उरकले, तर त्यातून रोग्याचे कोणते हित साधणार? रोज एक-दोन प्रश्न शांतपणे सोडविणे, हाच त्यावरील शहाणपणाचा उपाय होय.

आपल्याकडे तर दुसरेच टोक आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुण मिळवावे लागतात. ते परिषदांस व व्याख्यानांस उपस्थित राहून मिळतात. खुर्चीवर बसल्याची नोंद होते, समजल्याची होत नाही. अमेरिकेचे घड्याळ आपण उचलू नये. पण चूक तत्काळ दाखवून देणारी तिची पद्धत अवश्य उचलावी. वैद्याला भिवविणे हे परीक्षेचे प्रयोजन नव्हे. रोग्याला निर्धास्त करणे हे आहे.