बंदी आहे, पण मागूर ओळखणार कसा?

आफ्रिकी मागूर माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तरीही हा मांसभक्षी परकीय मासा देशातील नद्या व तलावांत आढळतोच. तो एकदा स्थिरावला की समूळ काढणे जवळपास अशक्य. म्हणून वेळीच सुगावा लागणे महत्त्वाचे ठरते.

मासे पाण्यात पेशी, श्लेष्मा आणि विष्ठा सोडतात. पाणी गाळून त्यातील डीएनए तपासल्यास जाळे न टाकताही प्रजातीची चाहूल लागते. अमेरिकेत शिकागोच्या कालव्यांत विद्युत अडसरापलीकडे २००९ साली आशियाई कार्पचा डीएनए सापडला. जून २०१० मध्ये तेथील कॅल्युमेट सरोवरात प्रत्यक्ष मासाही जाळ्यात आला. अर्थात, डीएनए मिळाला म्हणजे जिवंत मासा आहेच, असे नव्हे. तो सांडपाण्यातून किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतूनही येऊ शकतो.

भारतापुढे आणखी एक पेच आहे. आफ्रिकी आणि देशी मागूर यांचा संकर घडवता येतो. प्रजाती ओळखण्यासाठी सामान्यतः वापरला जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए केवळ मातेकडून येतो. त्यामुळे देशी मादीचे संकरित पिल्लू या चाचणीत देशीच ठरते. पित्याचा वारसा केंद्रकातील डीएनए तपासल्यावरच उघड होतो.

बिहारचा राज्य मासा असलेला देशी मागूर आज संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. मत्स्यबीज केंद्रांत ही दुहेरी तपासणी झाली नाही, तर त्याच्या संवर्धनासाठी सोडलेले बीजच त्याचा वंश पुसून टाकू शकेल.