बकासुराला कोण भितं?

पेपरातून एक पिवळं पत्रक पडलं. गुडघा, कंबर, मधुमेह, थायरॉईड, मूळव्याध, सगळ्यांवर एकच चुंबकीय पट्टा. मंगल कार्यालयात शिबिर, तपासणी मोफत. माझ्या गुडघ्यांचं रडगाणं या सदराच्या वाचकांना पाठच आहे. या खेपेला घरातूनच हुकूम निघाला, "पेपरात कण्हण्यापेक्षा तिथं जाऊन दाखवा."

तपासणी म्हणजे मुठीत एक पितळी कांडी धरून गप्प बसायचं. मिनिटभरात लॅपटॉपवर लाल-पिवळ्या रेघा उमटल्या आणि माझं यकृत 'किंचित थकलेलं' निघालं. शेजारच्या खुर्चीतल्या पाटीलबुवांचंही थकलेलंच. गंमत म्हणून चहावाल्या पोराच्या हातात कांडी दिली, त्याचंही तेच! मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, असं मी त्या टायवाल्या तरुणाला म्हटलं. त्यानं लगेच पट्ट्यावर सूट देऊ केली. "आणि गुण नाही आला तर?" "श्रद्धा पाहिजे, काका."

पाटीलबुवांनी पट्टा घेतला. शिवाय दुधीचा रस सुरू केलाय. बुवा, रस कडू लागला तर थुंकून टाका हो. कडू दुधी विषारी असतो, तो रस पिऊ नका, असं आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनंच बजावलंय.

मी पट्टा घेतला नाही, पण पट्टा चुकला नाही. सुटीला पुण्याहून नातू आला तो टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन. हातात एक लवचीक कडं, मांडीला पट्टा. जागच्या जागी पळालं की पडद्यावरचा गडी पळतो, बैठक मारली की राक्षसाला दणका बसतो. हा निन्टेन्डोचा २०१९ चा खेळ. त्याच कंपनीनं २००६ साली 'वी' आणला, तेव्हापासून दिवाणखान्यात घाम गाळायची ही तऱ्हा जगभर पसरली. २००७ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी मुलांवर प्रयोग करून पाहिला. बसून खेळण्यापेक्षा यात शक्ती जास्त खर्च होते, पण खऱ्या मैदानाची सर नाही, असं निघालं. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं अंग हलवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कसं हलवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तरी त्या टायवाल्यापेक्षा मला हा खेळ सरळ वाटला. अर्धी बैठक मारली तर तो मोजत नाही, आणि श्रद्धा तर मागतच नाही. स्वयंपाकघरातून शेरा आला, "अंगण झाडा की, तिथंही कंबर वाकते." तो मी सोडून दिला.

पडद्यावरच्या राक्षसाला मी बकासुर म्हणालो आणि फसलो. कोण बकासुर? आता एरंडोलच्या घरात हा प्रश्न! आपलं गाव म्हणजे एकचक्रानगरी, गावात पांडववाडा, पद्मालयाजवळ भीमकुंड. नातवाला सगळी गोष्ट सांगावी लागली. भीम गाडाभर अन्न घेऊन गेला आणि राक्षसाकडे पाठ करून स्वतःच जेवायला बसला. बकासुर पाठीत गुद्दे घालतोय, हा घास सोडत नाही. सगळं संपवून, हात धुऊन मग कुस्तीला उठला. म्हणजे आधी जेवण, मग व्यायाम. गावानं यातला पूर्वार्ध तेवढा मनोभावे पाळलाय.

आमच्याकडची बट्टी बघा. जाडसर कणकेत ओवा घालून गोळे करायचे, उकडायचे, कापायचे आणि मग खरपूस तळायचे. वर तुरीचं वरण, घोटलेली वांगी आणि तुपाची धार. डॉक्टरांनी बट्टी बंद करा म्हटलं की माणूस डॉक्टर बदलतो. पाटीलबुवांचा सवाल ठरलेला, "बट्टी सोडीसन जगानं कसाले?" पट्टेवाल्यानं पथ्य काहीच सांगितलं नव्हतं. त्याचा धंदा का चालतो ते मला तिथंच कळलं.

तर आता येत्या रविवारी आमच्या कट्ट्यानं पद्मालयाला पायी जायचं ठरवलंय. दहाएक किलोमीटर. डाव्या-उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचं दर्शन, मग बट्टी. त्यासाठी बैठक झाली. तूप कुणी आणायचं, वांगी कुणाच्या मळ्यातली, आचारी कोण, सगळं तासाभरात ठरलं. जाताना चालायचं की येताना, यावर मात्र एकमत झालं नाही. तूर्त कालीपिली दोन्ही वेळची सांगून ठेवलीय.