खोक्यावरचे नाव

आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या वाचकांना गोल्ड स्पॉट हे नारिंगी शीतपेय आठवत असेल. लग्नघरी पाहुण्यांच्या हातात दिली जाणारी ती बाटली आता इतिहासजमा झाली आहे. १९९३ साली पार्ल्याच्या कंपनीने आपली शीतपेये कोका-कोलाला विकली. नव्या मालकांकडे फँटा हे स्वतःचे नारिंगी पेय असल्यामुळे गोल्ड स्पॉट हळूहळू दिसेनासे झाले. थम्स अपचे नाव मात्र पुसता आले नाही, कारण गिऱ्हाईक दुसरे काही घ्यायला तयार नव्हते. त्याआधी पेप्सी भारतात आली ती ‘लहर पेप्सी’ म्हणून. निव्वळ परदेशी नाव लावण्यास तेव्हा परवानगी नव्हती. लोकांनी ‘लहर’ वगळून पेप्सीच म्हटले. नाव कारखान्यात ठरते, पण टिकते ते लोकांच्या जिभेवर. आमच्या पाचाडचे काही आजोबा कोणत्याही नारिंगी पेयाला आजही गोल्ड स्पॉटच म्हणतात. त्यात कोणाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते अलीकडच्या एका नामांतरात, आणि म्हणूनच हा विषय या सदरात घेतला आहे.

जुलाबांत शरीरातून पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून काढण्यासाठी मीठ व ग्लुकोज ठरावीक प्रमाणात मिसळलेले पाणी द्यायचे, याला ओआरएस म्हणतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या साध्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवले. हीच पुण्याई मग बाजाराच्या कामी आली. ओआरएस ही अक्षरे नावात गुंफलेली गोड, फळांच्या स्वादाची तयार पेये औषधाच्या दुकानांत मांडली जाऊ लागली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला, की कोणत्याही पेयाच्या नावात ही अक्षरे मागे-पुढे जोडूनही वापरता येणार नाहीत. पूर्वी सूचना छापण्याच्या अटीवर दिलेली मुभाही काढून घेण्यात आली. त्यानंतर ‘ओआरएसएल’चे ‘ईआरझेडएल’ झाले.

गिऱ्हाइकाची प्रतिक्रिया मला दवाखान्यात बसल्या बसल्या ऐकू येते. “डॉक्टर, ते ताकदीचं पाणी बंद झालं का हो?” असे एका आजींनी विचारले. नाव बदलले की माल नकली तर नाही ना, ही पहिली शंका. मग कोणीतरी धीर देतो, “माल जुनाच आहे, नाव तेवढं नवं.” हे ऐकून माणूस निश्चिंत होतो. वास्तविक काळजी करायची ती याच वाक्याची. खोक्यावरची अक्षरे हटली म्हणून आतल्या पाण्याचे ओआरएस होत नाही. मुंबईचा मुलगा फोनवर सुनेला सांगतो, “आईला ते नेहमीचं पाणी आणून दे,” आणि ‘नेहमीचं’ म्हणजे काय, हे कोणीच विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. शिवाय पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम. गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट असू शकते. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढू शकतात. मधुमेही वृद्धांची रक्तशर्करा चढते ती वेगळीच. म्हणून दुकानात नाव सांगू नका. “जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पावडर द्या” असे म्हणा. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पाकिटे मोफत मिळतात.

पाकीट मोठे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ते पूर्ण घालावे. लहान पाकिटावर पाण्याचे माप वेगळे छापलेले असते, ते चष्मा लावून वाचावे. चव लागत नाही म्हणून वर साखर घालू नये, आणि ‘थोडे कडक करू या’ म्हणून पाणीही कमी करू नये. घोट घोट पाजावे. उरलेले चोवीस तासांनी ओतून द्यावे. जोडीला मीठ घातलेली भाताची पेज उत्तम. आमच्याकडे आगळ आणि अमृत कोकम यांत गल्लत होते. आगळात मीठ असते, तर अमृत कोकम म्हणजे बहुतांशी साखरेचा पाक. नावात ‘अमृत’ घालण्याची हौस केवळ कंपन्यांनाच असते असे नाही!

आणखी एक. खरे ओआरएस हेही टॉनिक नव्हे. ६ जूनला गडावर राज्याभिषेक सोहळ्याची गर्दी असते, तेव्हा खाली आमच्या गावातही थकवा आला की लोक पाकीट फोडतात. तरुणाला ते चालून जाते. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या, सूज येणाऱ्या अथवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांनी जुलाब नसताना ते रोज घेऊ नये. त्यातील मीठ व पोटॅशियम बाधू शकते. जुलाब लागलेच तर मात्र मधुमेह आहे म्हणून खरे ओआरएस नाकारू नये. रक्तशर्करा तपासत ते द्यावे आणि चालू गोळ्यांविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागू शकतात.

वृद्धांना तहान उशिरा जाणवते. आजी-आजोबा सहा-आठ तास लघवीला गेले नाहीत, गुंगीत वाटले, उलट्या थांबत नसल्या किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी पाणी पाजत बसू नका. रात्र असली तरी गाडी काढून महाड गाठावे, आणि वाटेतही घोट घोट पाणी चालू ठेवावे, माणूस शुद्धीवर असेल तरच.