कुंपणाकडेची मुद्रा

पावसाळा सरला की सोसायटीत साफसफाईची मोहीम निघते. गेल्या वर्षी तीत कुंपणाकडेची मुद्रा गेली. ऐन बहरात होती, कमरेइतकी वाढलेली. माळ्याला तरी काय म्हणावे? ‘तण काढ’ असे त्याला आपणच सांगितलेले. आपल्याकडे विकत आणून लावले ते झाड. आपोआप उगवले ते तण!

मुद्रा म्हणजे पेटारी, वैद्यांची अतिबला. भेंडी, कापूस, जास्वंद यांच्या गोतातली. मऊ लव असलेली बदामी आकाराची पाने, दुपार कलल्यावर उमलणारी पिवळी फुले आणि नक्षीदार चाकासारखे फळ. हे फळ शाईत बुडवून वहीवर शिक्के उठवलेले वाचकांपैकी अनेकांना आठवेल. नाव त्यावरूनच पडले.

रानफुलांचा वाफा करायचा असेल तर हिच्यापासून सुरुवात करावी. वाळल्या फळांतले बी जमवावे. त्याचे कवच टणक असते. पॉलिशपेपरवर हलके घासून रात्रभर भिजवावे आणि पहिल्या पावसानंतर जागेवरच टोकावे. भरपूर ऊन हवे, जमीन मुरमाड चालते. खताचे लाड नकोत. फळांवर लाल ढेकण्या जमतात. त्यासाठी लगेच फवारा उचलू नये. शेजारी भेंडी किंवा कपाशी असेल तर मात्र मुद्रा लांबच लावावी, कारण हे किडे तिकडेही वळतात.

यंदा आम्ही बी पेरले आणि शेजारी पाटी रोवली: ‘हे लावलेले झाड आहे.’ माळी वाचून हसला. विळा मात्र पुढे नेला.