कुंपणाआधी कागद



म्यानमार सीमेवरचं कुंपण लवकर पूर्ण करा आणि मिझोराममधल्या 'घुसखोरां'ना परत धाडा, अशा आशयाची दोन-तीन पत्रं या सदरात लागोपाठ वाचली. रस्त्याच्या कामानिमित्त मी चंफाई जिल्ह्यात दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे राहवलं नाही.

तिथल्या झोखावथर गावाला सीमा म्हणजे तिआऊ नदी. नदी कसली, हिवाळ्यात आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली की परदेश! सकाळी पलीकडच्या बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपल्या घेऊन पुलावरून यायच्या आणि दुपारी मीठ-साबण घेऊन परत जायच्या. आमच्या मिझो मुकादमाची बहीण पलीकडेच दिलेली. मेलेल्याचा आत्मा रिह तळ्यावरून पुढे जातो अशी मिझोंची जुनी समजूत आहे, आणि ते तळं म्यानमारच्या हद्दीत! दोन्हीकडच्यांना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करण्याची मुभा होती, ती या घरोब्यामुळेच.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. सीमेलगतच्या चिन डोंगरांतली पोरं शिकारीच्या बंदुका घेऊन उभी राहिली, थांतलांगसारखं गाव जळालं आणि माणसं नदी उतरून अलीकडे आली. २०२५ मध्ये मिझोराममध्ये अशी तीस हजारांवर माणसं होती, आणि २०११च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या होती जेमतेम अकरा लाख. मार्च २०२१ मध्ये केंद्राने लोंढा रोखा असं कळवलं, पण तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी ते शक्य नसल्याचं पंतप्रधानांना लिहिलं. चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ, कपडे जमवले. मुलांना सरकारी शाळांत घेतलं. १९६६ मध्ये ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले, तेव्हा मिझो माणसं पळून म्यानमारातही गेली होती. ते तिथे कोणी विसरलेलं नाही.

क्रांती शेजारी पेटली की धग कशी लागते, ते नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसलं. बंडखोरांनी नदीपलीकडचा खावमावीचा लष्करी तळ घेतला, तेव्हा दोन दिवसांत सुमारे पाच हजार माणसं झोखावथरला आली. त्यांच्या पाठोपाठ पळून आलेल्या सैनिकांना आपणच परत पोचवलं. जुलै २०२५ मध्ये तर क्रांतीतलेच दोन सशस्त्र गट आपसात भिडले आणि पुन्हा गावं रिकामी झाली.

या वाटेने हेरॉइन, नशेच्या गोळ्या, सुपारी, हत्यारं येतात, हे खरं आहे. स्थानिकही त्याला वैतागलेत. पण सुमारे ३१ हजार कोटींचं कुंपण हा त्यावरचा इलाज कसा, हे मला कळलेलं नाही. तस्कराला हवा असतो कुठेच नोंद नसलेला, पोटाला महाग झालेला माणूस, आणि तो आपणच तयार करतो आहोत. आपण १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, स्वतःचा कायदाही केलेला नाही. यात राज्याचीही चूक आहे. निर्वासितांच्या बोटांचे ठसे घ्यायला त्याने २०२३ मध्ये नकार दिला आणि ते काम सुरू व्हायला २०२५ उजाडलं. मात्र नुसते ठसे घेऊन भागणार नाही. त्याबरोबर राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना हवा.

हे जमत नाही असं नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळा आला की आपल्या शहरांत तिबेट्यांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. तिबेटी निर्वासितांना सरकार नोंदणीपत्र देतं, त्याचं ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण होतं, आणि त्यामुळे कोणाची सुरक्षा धोक्यात आल्याचं ऐकिवात नाही. म्यानमारमधून आलेल्या चिन माणसाला तसंच पत्र द्यायला अडचण काय?

मुकादमाचा गेल्या वर्षी फोन आला होता. बहीण तीन मुलांना घेऊन त्याच्याकडेच राहते आहे. थोरला भाचा रस्त्याच्या कामावर जातो, पण कागद नसल्यामुळे हजेरीपटावर त्याचं नाव घालता येत नाही. त्याची हजेरी मामाच्या नावावर लागते.

एक वाचक, सातारा