लडाखच्या प्रेमात पडणाऱ्यांना, सिलतऱ्याहून

सिलतऱ्याला कोणी फिरायला येत नाही. रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात चिमण्या दिसायला लागतात, तेच हे गाव. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, वीज प्रकल्प आणि त्यांच्यासाठी कोळसा-खनिज वाहणाऱ्या ट्रकांची न संपणारी रांग. सकाळी दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळी राखाडी होऊन हातात येतो. गच्चीवर अनवाणी गेलं तर तळपाय काळे. माझी सध्याची पोस्टिंग या भागात आहे. काम काय आणि नेमकं कुठे, ते नेहमीप्रमाणे इथे लिहिणार नाही.

अशा ठिकाणी बसून लडाखवर लिहायचं कारण म्हणजे मला विचारला जाणारा एक प्रश्न. इथे कारखान्यात काम करणारा चंद्रपूरचा एक फिटर आहे, साताऱ्याचा माझा भाचा आहे, आमच्या सौंच्या भिशीतल्या बायका आहेत. मी लडाखला दोन टेन्युअर काढलेत हे कळलं की सगळे तेच विचारतात. "असं काय आहे हो तिथे? जो जातो तो वेडाच होऊन येतो!"

वेडे होतात हे खरं आहे. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडच्या जवळपास निम्मी. आणि २०२२ साली तिथे गेलेले पर्यटक पाच लाखांच्या वर. १९७४ पर्यंत हा भाग पर्यटकांना बंद होता. २००९ च्या डिसेंबरात 'थ्री इडियट्स' आला, शेवटच्या प्रसंगात पँगाँगचं निळं पाणी दिसलं आणि बांध फुटल्यासारखी माणसं तिकडे निघाली. सिनेमाचा दिग्दर्शक आपल्या नागपूरचा, त्यामुळे थोडा दोष आपल्याकडेही येतो म्हणा.

पण एका सिनेमाने माणूस जातो फार तर एकदा. पुन्हा पुन्हा का जातो? साधारण उत्तर ठरलेलं असतं. निसर्ग, शांतता, डोंगर, निळं आकाश. मला हे उत्तर अपुरं वाटतं. डोंगर सिक्कीमलाही आहेत, शांतता आमच्या कोयनेच्या जंगलातही आहे. आणि 'रौद्र, रानटी, मानवी हात न लागलेला प्रदेश' हे जे लडाखचं वर्णन मासिकांत येतं, ते तर मला साफ चुकीचं वाटतं.

लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. इथे रायपूरकडे जुलैच्या एखाद्या झडीत तेवढं पडून जातं. मग विमानातून उतरताना खाली जी हिरवी पट्टी दिसते ती आली कुठून? ती माणसांनी आणली. वितळत्या बर्फाचं पाणी डोंगराच्या कडेने पाट काढून आणायचं, त्यावर सातू पिकवायचा, कडेने पॉप्लर आणि विलोची झाडं लावायची, त्याच झाडांच्या लाकडाने घराचं छत घालायचं. पाण्याची पाळी कोणाची हे ठरवायला गाव एक माणूस नेमतं, त्याला चुरपोन म्हणतात. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी असायचा, तसाच हा. चुरपोनने पाणी सोडलं नाही तर त्या वर्षी ते शेत गेलं. लडाखमध्ये हिरवं जे काही दिसतं, त्याच्या मागे कोणाचा तरी फावडा आहे. त्याला रानटी म्हणणं म्हणजे आमच्या कोकणातल्या भातखाचराला जंगल म्हणण्यासारखं आहे.

आणि माझ्या मते प्रवासी भुलतो तो नेमका याला. त्याला ते कळत नसतं एवढंच. पुण्या-मुंबईत नळ कुठून येतो, कचरा कुठे जातो, भाजी कोणी पिकवली, काहीच दिसत नाही. लडाखमध्ये सगळं उघड्यावर आहे. पाणी आहे तिथे गाव आहे, पाणी संपलं तिथे गाव संपलं, रेघ मारल्यासारखं. त्या घरात तुम्हाला त्सांपा देतात, ते भाजलेल्या सातूचं पीठ असतं, आणि तो सातू खिडकीतून दिसणाऱ्या शेतातला असतो. संडास कोरडा, पाण्याशिवायचा. वर माती टाकायची आणि वर्षाने त्याचं खत त्याच शेतात. चार दिवस असं राहिलं की शहरातल्या माणसाच्या डोक्यातला गुंता थोडा सुटतो. तो घरी येऊन सांगतो, "काय शांतता होती!" प्रत्यक्षात त्याला सगळं समजत होतं, म्हणून बरं वाटत होतं.

दुसरं कारण माणसांचं. एवढ्या मोठ्या मुलखात माणूस कमी. ५९,१४६ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा भाग, आणि त्यात तीन लाखांच्या आतबाहेर वस्ती. अशा ठिकाणी माणसाला किंमत येते. खिंडीत गाडी बंद पडली तर मागून येणारा ट्रकवाला थांबतोच. ते काही संतपण नाही. उद्या त्याची गाडी बंद पडणार आहे हे त्याला माहीत असतं. आमच्या कॉन्व्हॉयमधल्या ड्रायव्हर मंडळींनी किती सिव्हिल गाड्यांना दोर लावून ओढलंय आणि किती वेळा स्थानिक ड्रायव्हरने आमच्या गाडीच्या चाकाखाली दगड लावलेत, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. सिलतऱ्याच्या चौकात मी अर्धा तास उभा राहिलो तर शेकडो ट्रक जातील आणि एकही ड्रायव्हर माझ्याकडे बघणार नाही. त्याचं चूक नाही. बघून करणार काय? पण रोज अशा गर्दीत राहणाऱ्याला खार्दुंगच्या चढावर अनोळखी माणूस काच खाली करून "जुले, सब ठीक?" विचारतो, तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी हलतं. त्यात विरळ हवेचाही वाटा असेल!

हवेवरून आठवलं, हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथे जीव जातात.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. खार्दुंग ला ५,३५९ मीटर. तिथे जवळजवळ निम्मा. फौजेत उंचीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला हवामानाची सवय तीन टप्प्यांत करून देतात. ९,००० ते १२,००० फुटांपर्यंत सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ आराम. मग १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस. त्याच्या वर पुन्हा चार. धडधाकट, रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या पोराला ही सक्ती. हा नियम हवेतून आलेला नाही. १९६२ च्या आसपास सपाटीवरून जवानांना घाईघाईने वर नेलं गेलं आणि गोळी न लागता माणसं दगावू लागली, फुप्फुसात पाणी भरून. लेहच्या लष्करी रुग्णालयात पाहिलेल्या अशा रुग्णांवर मेनन यांनी १९६५ मध्ये जो लेख लिहिला, तो जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. आज आल्प्समध्ये गिर्यारोहकाला जो उपचार मिळतो, त्यात आपल्या जवानांच्या दुखण्याचा अभ्यास आहे.

आणि आपली मंडळी काय करतात? शनिवारी सकाळी मुंबईहून विमान, दुपारी लेहच्या बाजारात, रविवारी खार्दुंग ला, सोमवारी पँगाँग. चार रात्री, पाच दिवस. डोकं दुखतंय तर गोळी घ्या, उलटी झाली तर "काल पराठा बाधला". मी पर्यटकांना ऑक्सिजन लावलेला पाहिलाय. पन्नाशीतले एक काका स्ट्रेचरवरसुद्धा विचारत होते, "पण पँगाँग होईल ना?" प्रेम असावं तर असं, पण त्यांना खाली न्यावं लागलं. पहिले दोन दिवस लेहमध्ये पडून राहायचं, अंघोळीचीही घाई करायची नाही, दारू नाही. खोकला वाढला, चालताना तोल गेला, बसल्या जागी दम लागला तर पुढचा प्लॅन रद्द करून त्याच वेळी खाली उतरायचं. ही माझी विनंती नाही, हुकूम समजा.

आता आम्ही. सैनिकाला लडाख आवडतं का? तिथे असताना विचारलंत तर बहुतेक जण रजेची तारीख सांगतील. प्रवासी जून ते सप्टेंबरचं लडाख बघतो. आम्ही उरलेलं बघतो. सप्टेंबर संपायच्या आत हिवाळ्याचा साठा वर पोचवायची धावपळ, मग खिंडी बंद, मग पाण्याच्या पाइपात बर्फ, केरोसीनच्या बुखारीचा वास अंगातल्या कपड्यांना. टिनमधली भाजी उघडली की लंगरमध्ये शांतता पसरते, ती मात्र मासिकवाली शांतता नव्हे. स्थानिक लोक तोच हिवाळा काढतात, मुलाबाळांसकट. उन्हाळ्यातलं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण परतीचं तिकीट खिशात असलं की कोणतीही जागा थोडी जास्त सुंदर दिसते, हे आम्हालाही लागू आहे. बदली झाली, खाली उतरलो आणि मगच आम्हाला लडाख आवडायला लागलं.

आपल्या मराठी माणसाला त्या उत्तरेची ओढ जुनी आहे. अटकेपार वगैरे सोडा, ते भाषणात ठीक. पण नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य घराघरात पोचलं. आमच्या आजोबांच्या पिढीला लडाख माहीत झालं ते पँगाँगच्या फोटोतून नाही, रेझांग लाच्या बातमीतून. आताच्या पिढीतही नुसतं बघून न थांबलेले लोक आहेत. अनुराधा प्रभुदेसाई २००४ साली पर्यटक म्हणूनच लडाखला गेल्या होत्या. द्रासचं स्मारक बघितलं, १९९९ ची नावं वाचली आणि त्यातून पुढे लक्ष्य फाउंडेशन उभं राहिलं. सणाला कोणी अनोळखी बाई महाराष्ट्रातून शुभेच्छा घेऊन पोस्टवर येते, तेव्हा जवानाला काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

अडचण अशी की ज्या दोन कारणांनी आपण तिथे ओढले जातो, ती दोन्ही आपल्या गर्दीने मारली जातात. लेहच्या हॉटेलात शॉवर आणि फ्लशचा संडास लागतो, त्यासाठी बोअर मारतात. जमिनीखालचं पाणी उपसायचं आणि मैलापाणी पुन्हा तिथेच मुरवायचं. चुरपोनच्या पाळीत हे पाणी कधीच नव्हतं. पाच लाख माणसं आली की ट्रकवाला काच खाली करत नाही. करून करणार काय? कासचं पठार आठवा. आमच्या गावापासून लांब नाही. फुलांच्या प्रेमाने एवढे लोक आले की शेवटी दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून ऑनलाइन बुकिंग करावं लागलं. साताऱ्याच्या माणसाला स्वतःच्या पठारावर जायला पास काढावा लागतो, आणि मला तो नियम बरोबर वाटतो. लडाखला कुठे किती लोक यावेत, जमीन-पाणी कोणाच्या हातात असावं, यावर तिथले लोक जे म्हणतात त्याबद्दल वर्दीत असताना मी लिहिणार नाही. पण ते ऐकून न घेता नुसतं "आय लव्ह लडाख"चा स्टिकर बुलेटवर लावू नये, एवढं म्हणायला हरकत नसावी.

रस्त्यांचंही तसंच. 'हिमांक'च्या गमतीदार पाट्यांसमोर सगळे फोटो काढतात. पाटीपासून पन्नास मीटरवर डांबर टाकणारी माणसं झारखंडच्या दुमक्याकडची असतात, त्यांच्याबरोबर फोटो काढलेला मी फारसा पाहिला नाही. मनालीच्या बाजूचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला, त्यात सेलचं पोलाद गेलंय, आणि सेलचा भिलाई कारखाना माझ्या खोलीपासून तासाभरावर आहे. तुमच्या त्या स्वच्छ आकाशाखालच्या प्रत्येक पुलाचं लोखंड अशाच कुठल्या तरी काळ्या गावातून गेलेलं असतं. सिलतऱ्याच्या प्रेमात पडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः पडलेलो नाही.

भाच्याचं सांगायचं राहिलं. मित्रांबरोबर पाच दिवसांची ट्रिप ठरवली होती, मुंबईहून विमानाने, खार्दुंग ला दुसऱ्याच दिवशी. ताईचा फोन आला, "तूच बोल त्याच्याशी, माझं ऐकत नाही." मी त्याला म्हटलं, पँगाँग सोड. अकरा दिवस काढ. दोन दिवस लेहमध्ये झोप, मग हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबकला जा, तिथे गावकऱ्यांच्या घरात राहता येतं. एकेकाळी मेंढ्या मारतो म्हणून ज्या हिमबिबट्याचा त्यांना राग यायचा, त्याच्या नावावर आज पाहुणे येतात. सकाळी घरातली बाई पाट वळवायला निघाली की तिच्याबरोबर जा, फावडा मागून घे.

"मामा, तिथे रेंज असते का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. दोन मित्र गळाले. तिसरा आणि हा, दोघांनी सप्टेंबरची तिकिटं काढली आहेत.