लेन्स गेली म्हणे!

मंडळी, काकांच्या एदलाबादच्या (आताचं मुक्ताईनगर हो!) स्टुडिओतला याशिका ६३५ भंगारात काढायचं घाटतंय म्हणे. कारण काय, तर "कडेला फोटो मऊ येतो, लेन्स गेली." हा निकाल मला अजिबात मान्य नाही.

त्यावरची ८० मिमी याशिकॉर तीनच भिंगांची. एफ ३.५ ला पूर्ण उघडली की मध्य बरा, कोपरे ढिले. हा आजार नव्हे, स्वभाव. एफ ८-११ वर कोपरेही सावरतात. याशिका-मॅट १२४जी ची याशिनॉन चार भिंगांची, टेसार घाटाची, ती उघडीसुद्धा जरा जास्त नेटकी. चांगदेवच्या देवळावरचं कोरीवकाम टिपायचं तर मीही तीच घेईन. पण आजीचा चेहरा? तिथे मला याशिकॉरच हवी. सगळ्या सुरकुत्या मोजून कुणाचं भलं झालंय!

आणि पारख प्रिंटवरून करू नका, त्यात एन्लार्जरच्या लेन्सची खोट मिसळते. ६×६ ची निगेटिव्ह उजेडावर धरून भिंगातून बघा. चेहरा मऊ आणि मागची भिंत टोकदार दिसली, तर बहुधा वरची-खालची लेन्स जुळलेली नाही. ते दुरुस्त होतं. टॉर्च मारून बुरशी तेवढी तपासा. ती काचेत रुतली असेल तर मात्र माझाही नाइलाज.

असो. निगेटिव्हचे डबे कुणी हलवू नका, दिवाळीत येतोय.